कोण बसणार ते सांगायचं नाही

आमच्या कंपनीत वैमानिकाला तीनच गोष्टी सांगायच्या: कुठे जायचं, किती जण, आणि सगळ्यांचं सामानासकट वजन किती. कोण जाणार ते सांगायचं नाही. मंत्री असो, नवरदेव असो, नाहीतर छातीत कळ आलेला कारखानदार असो, वैमानिकाने आधी हवामान बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. नाव त्यानंतर. आणि 'नाही' आलं, की ऑफिसने पुन्हा विचारायचं नाही. त्याला वाटलं तर तोच उठून परत आभाळ बघेल.

हे ऑफिस म्हणजे मी.

टिटवी एव्हिएशन आता नाही. होती तेव्हाही फारशी कुणाला माहीत नव्हती. जुहूच्या छोट्या विमानतळावर भाड्याने घेतलेला हँगरचा कोपरा, दोन हेलिकॉप्टरं, दोन वैमानिक, मोजके मेकॅनिक आणि एक वजनकाटा. अंधेरीत जन्म काढलेली माणसंही मला विचारायची, "तिथून अजून काही उडतं?" उडतं. चार्टर म्हणजे काय, हे मी आईला असं समजावलं होतं: एसटीची वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला. चार्टर म्हणजे वऱ्हाडासाठी ठरवलेली जीप. तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेव्हा. मात्र आमची उड्डाणं डोळ्यांनी जमीन बघत करायची होती. ढगात शिरायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं.

बाबांना ही नोकरी पटली नव्हती. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. गोवंडीतल्या आमच्या खोलीत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावर, आणि शाळेत निबंध लिहायला सांगितला की शेवटी मागण्या लिहायचे. अशा घरातली मुलगी हेलिकॉप्टरच्या कंपनीत लागली म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे श्रीमंतांची रिक्षा."  त्याचं उत्तर मला कामावर महिनाभर काढल्यावर मिळालं. ज्या देशात दवाखान्यापासून देवळापर्यंत सगळीकडे आधी 'कोण आलंय' हे विचारतात, तिथे हा प्रश्न ज्या एका खोलीत विचारायला बंदी होती, त्या खोलीबाहेर माझं टेबल होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

गिऱ्हाइकांना मात्र त्याचा संताप यायचा. एका जिल्ह्याचे पुढारी काट्यावर उभे राहायला तयार नव्हते. म्हणाले, "माझं वजन अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे." मी म्हटलं, "साहेब, हेलिकॉप्टरला माहीत नाही." शेवटी ते चढले, पण आधी दोन्ही मोबाइल आणि गळ्यातली साखळी पीएच्या हातात दिली. तो पीए त्यांच्या पाठोपाठ त्याच हेलिकॉप्टरमध्ये बसणार होता. एका नवरदेवाला मंडपावर स्वतःच फुलं टाकायची होती, आणि त्याच्या मामांनी झेंडूची पोती आणली होती ती ओली. ओल्या झेंडूचं वजन किती भरतं हे मला त्या दिवशी कळलं. मामांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. एक बिल्डर रोज यायचा आणि वैमानिकाचा खासगी नंबर मागायचा. तो कुणालाच मिळायचा नाही. ड्यूटीवर वैमानिकांचे फोन बंद करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेले असायचे. ओळखी काढून थेट वैमानिकाला गळ घालायची वाट बंद करायची, म्हणून.

हा सगळा कडेकोट बंदोबस्त कामत मॅडमचा. कंपनी त्यांची. त्यांचे यजमान दुसऱ्या एका कंपनीत वैमानिक होते. एका लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता, घाटावर ढग उतरले होते, आणि नवरदेवाचे वडील तासभर हात जोडून उभे होते. यापुढचं मॅडम कधी बोलल्या नाहीत. त्यांनी अपघाताच्या भरपाईच्या पैशांत आणि कर्जात कंपनी काढली आणि तिला टिटवीचं नाव दिलं. अपशकुनी नाव म्हणून लोक नाकं मुरडायचे. मॅडम म्हणायच्या, "जमिनीवर राहते आणि धोका दिसला की ओरडते. मला असाच पक्षी पाहिजे होता."

आमचे मुख्य वैमानिक कॅप्टन साळवी. मूळ गुहागरकडचे, वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर आईवडील गावी परत गेले. वडील वारले, आई तिथेच राहिली, धाकट्या मुलाजवळ, नंदूजवळ. कॅप्टन बोरीवलीला बायकोमुलांसह राहायचे. उंच, सावकाश बोलणारे, डब्यात रोज कुळथाची पिठी असली तरी तक्रार न करणारे. हवामान बघायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. संगणकावरचे नकाशे, विमानतळांचे अहवाल हे सगळं झालं की ते ऑफिसच्या फोनवरून किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसांना फोन लावायचे. मुरूडला एक खानावळवाले, हर्णैला एक निवृत्त मास्तर. विचारायचं एकच: "समोरचा किल्ला दिसतो का?" समुद्रातला किल्ला स्वच्छ दिसला तर हवा उडण्यासारखी. तटबंदी पुसट झाली तर थांबायचं. किल्लाच गायब असेल तर डबा उघडून जेवायला बसायचं. गुहागरच्या बाजूला किल्ला नाही, म्हणून तिथे नंदूला विचारायचं, घरामागचा सडा दिसतो का. सडा म्हणजे कोकणातलं ते काळ्या कातळाचं पठार. आमचं हेलिकॉप्टर तिकडे गेलं तर उतरायचं तिथेच.

आता त्या दिवसाचं सांगते. हा दिवस मी कुणाला नीट सांगितलेला नाही.

परतीच्या पावसाचे दिवस होते. एक हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं, दुसरे वैमानिक रजेवर. कॅप्टन साळवी एकटेच होते. सकाळची वेळ उलटून गेली होती, तेव्हा फोन वाजला.

"ताई, मी नंदू साळवी. दादाला द्या. आयेला झटका आलाय."

तोंड एका बाजूला ओढलंय, उजवा हात उचलता येत नाही, असं तो सांगत होता. गावच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, लवकरात लवकर मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाले होते, मुंबईला न्याल तर उत्तम. रस्त्याने मुंबई म्हणजे पावसात अख्खा दिवस. हेलिकॉप्टरने तासाभराची वाट.

 मी त्याला म्हटलं, नंदूदादा, पेशंटसाठी हेलिकॉप्टर पाहिजे असेल तर मी आत्ता विचारते, पण कोण पेशंट आहे ते मी कॅप्टनना सांगू शकत नाही. त्यांनी आधी हवामान बघायचं, मग नाव. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ताई, तो मुलगा आहे तिचा."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्याला हे किती निर्दय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. पण मला ते तेव्हा लख्ख दिसत होतं. आई तिकडे पडलीये हे कळल्यावर जगातला कुठला मुलगा आभाळाकडे सरळ नजरेने बघेल?

मग मला विचारावं लागलं, आईचं वजन किती. तो म्हणाला, "मला काय ठाऊक? आत्ता पलंगावरून उचलली तर काहीच लागलं नाही हाताला."

मी अंदाज बांधला, नंदूचं आणि सोबत येणाऱ्या डॉक्टरांचं वजन मिळवलं, आणि कॅप्टनच्या खोलीत गेले. गुहागरचा सडा, तीन माणसं, एवढं वजन, आणून जुहूला. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "अरे वा. आमच्याकडे कोण एवढं मोठं झालं गं? जमिनी बघायला आलेला शेठ दिसतोय. असू दे, सांगू नको." आणि नकाशे उघडले. मी दाराची चौकट धरून उभी होते. मान वर करून त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, चहा जास्त झाला.

नकाशे बघून झाले. मुरूडचा फोन झाला, तिथे पुसट दिसत होतं. मग त्यांनी ते सांगितलं, ज्याची मला तोपर्यंत आठवणच झाली नव्हती.

"नंदूला लाव जरा. सडा दिसतो का विचारतो."

फोन त्यांच्या टेबलावरच होता. त्यांनी हात पुढेही केला होता. मी म्हटलं, "मी बाहेरून विचारते, तुम्ही हर्णैला लावा, वेळ वाचेल." त्यांना पटलं. वेळ वाचतो म्हटलं की वैमानिकांना पटतं.

मी माझ्या मोबाइलवरून नंदूला लावला. विचारलं, घरामागचा सडा दिसतो का? एरवी नंदू यावर भाषण द्यायचा, कुठपर्यंत दिसतो, कुठल्या झाडापर्यंत, वारा कुठून. त्या दिवशी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं.

"दिसतो ताई. सगळं स्वच्छ आहे. पाठवा."

त्याच्या आवाजामागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. एवढा, की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

मी विचारलं, "नंदूदादा, खरंच दिसतो?"

"दिसतो म्हटलं ना."

त्याच्या जागी मी असते तर मीही खोटं बोलले असते. माझे बाबा त्या पलंगावर असते तर मी म्हटलं असतं, सडाच काय, सड्यापलीकडचा समुद्र दिसतोय, ऊन पडलंय. सत्य, तत्त्व, सगळी पत्रकं मी त्या क्षणी चुलीत घातली असती. म्हणून तर ज्याचं माणूस पडलंय त्याला आभाळ विचारायचं नसतं. आणि इथे अख्ख्या कोकणात आम्ही विचारणार होतो ते नेमकं त्यालाच.

आत जाऊन मी सांगितलं, "तिकडचं खात्रीचं काही कळत नाही." हे खरं होतं. 

हर्णैचे मास्तर म्हणाले होते, किल्ला नाही, बंदरातल्या होड्याही नाहीत, सगळं पांढरं. कॅप्टननी फोन ठेवला. "नाही. आत्ता नाही."

नंदूला मी सांगितलं, वाट बघू नका, अॅम्ब्युलन्स काढा, चिपळूण गाठा, तिथले डॉक्टर काय म्हणतात बघा, आणि मुंबईचा रस्ता धरा. वाटेत हवा उघडली तर महाडला, माणगावला, कुठल्याही मैदानातून उचलता येईल. तो मला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण अॅम्ब्युलन्स त्याने काढली.

मग मी कामत मॅडमना फोन केला. त्या मुलुंडला बहिणीकडे होत्या. त्यांना सगळं सांगितलं. मी विचारलं, कॅप्टनना सांगू का?

"सांगितलंस, की तो आज वैमानिक उरला नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला उडू देणार नाही. मग हवा उघडली तरी हेलिकॉप्टर इथेच. नाही सांगितलंस तर अजून आशा आहे. पण तो तिचा मुलगा आहे, सुजाता. हे मी तुला ठरवून देणार नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. मालकाने नियम करायचा आणि तो पेलायचा नोकराने, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. पण खरं सांगायचं तर त्यांनी हुकूम दिला असता, तर तो कुठलाही असो, मी त्याच्या उलट वागले असते.

दुपारी नंदूचा पुन्हा फोन आला. चिपळूणला इंजेक्शनं दिली होती, गाडी पुढे निघाली होती. गाडीच्या आवाजात मला एका बाईचा आवाज ऐकू आला. जड, अडखळणारा, पण शब्द कळत होते. "थोरला येतोय ना?" नंदू म्हणाला, "येतोय, येतोय." मग मला म्हणाला, "ऐकलंत? आता तरी द्या त्याला. दोन शब्द बोलू दे."

मी उठले. कॅप्टनच्या दारापर्यंत गेले. ते कालच्या वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसले होते. मध्येच उठून खिडकीतून दक्षिणेकडे बघत होते, परत नकाशा उघडत होते. कुणी न सांगता. त्या शेठसाठी, जो त्यांच्या डोक्यात होता. पेशंट नाही, आई नाही, नुसतं एक वजन, आणि तरी हा माणूस परत परत आभाळ तपासत होता. मला वाटलं, हा जर 'हो' म्हणाला तर ते खरं 'हो' असेल. त्यावर माणूस जगू शकेल. मी सांगितलं तर तेही जाईल.

मी परत फिरले. फोनवर नंदू अजून होता. मी म्हटलं, हवा उघडली की लगेच. त्याने फोन कापला.

हवा उघडली नाही. निदान आम्हाला दिसलं तेवढं तरी. मध्ये कुठे तासभर खिडकी उघडली असेल, आणि आम्हाला कळलं नसेल. ढगांचा पंचनामा होत नाही. या एका गोष्टीने मला पुढे कित्येक महिने झोप दिली नाही.

उजेड उतरला. आता निघूनही उपयोग नव्हता. कॅप्टन आपला फोन न्यायला माझ्या टेबलाशी आले. मी खण उघडला नाही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं, क्रमाने, न थांबता. मध्ये थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. मी त्यासाठी तयारही होते. त्यांनी विचारलं, "नंदू दिसतं म्हणाला?"

"हो."

"आणि दिसत होतं?"

"पत्र्यावर पाऊस वाजत होता."

त्यांनी मान हलवली. खण स्वतः उघडला, फोन घेतला. जाताना म्हणाले, "मला कळलं असतं तर मी गेलो असतो." आरोप होता की कबुली, ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी नंदूला फोन लावला, अॅम्ब्युलन्स पनवेलच्या हॉस्पिटलात पोचत होती, आणि तिकडची टॅक्सी केली.

आई वाचली. उजवी बाजू गेली ती गेली. आणि त्या रात्रीतच कधीतरी वाचा गेली. कॅप्टन हॉस्पिटलात पोचले तोवर त्या डोळे उघडत होत्या, ओळखत होत्या, पण बोलता येत नव्हतं. ते पुन्हा आलं नाही. आईचा जो शेवटचा शब्द या जगात कुणी ऐकला, तो नंदूने ऐकला आणि मी ऐकला. ज्याच्यासाठी होता त्याने नाही.

पुढच्या वर्षी मॅडम थकल्या आणि कंपनी विकली गेली. घेणारी कंपनी मोठी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांचा नवा मॅनेजर वैमानिकांच्या खोलीत सरळ शिरला आणि म्हणाला, "कॅप्टन, आज व्हीव्हीआयपी आहेत, जरा जमवून घ्या ना." साळवींनी वजन विचारलं. तो पुन्हा म्हणाला, व्हीव्हीआयपी. साळवी पिशवी उचलून घरी गेले ते परत आले नाहीत. मी घरी जाऊन एकपानी पत्रक लिहिलं, 'ढगांना पद कळत नाही' अशा मथळ्याचं, आणि दुसऱ्या दिवशी हँगरच्या दारात उभी राहून वाटलं. मेकॅनिकांनी ते घडी करून खिशात घातलं. मला संध्याकाळपर्यंत कामावरून काढलं. बाबांनी ते पत्रक वाचून एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि म्हणाले, शेवटी मागणी लिहायला विसरलीस.

साळवींना नंतर मी वर्षभर भेटले नाही. धीर होत नव्हता. मग त्यांचाच फोन आला, घरी ये म्हणून. बोरीवलीला त्यांच्या सोसायटीत गेले. आई आता त्यांच्याकडे होत्या. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या, केस नीट विंचरलेले, अगदी लहानखुऱ्या. मी बांधलेला वजनाचा अंदाज जास्त होता.

वहिनींनी चहा ठेवला. साळवी पलंगाशी बसले, आईचा डावा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"आये, ही सुजाता. त्या दिवशी 'थोरला येतोय ना' म्हणून तू विचारत होतीस, ते हिने ऐकलं होतं. मला सांगितलं नव्हतं."

मला वाटलं नव्हतं ते असं सरळ सांगतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नजर अगदी शाबूत होती. त्यांना सगळं समजत होतं, हवामान, नियम, पत्र्यावरचा पाऊस, सगळं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी साळवींच्या हातातून हात सोडवून घेतला, सावकाश, मोठ्या कष्टाने मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

 वहिनी कप घेऊन दारातच थांबल्या. मी निघायला उठले, तर साळवींनी हातानेच बस म्हणून खूण केली.

"तिला राग धरायचा हक्क आहे," ते म्हणाले. "मला नाही."

मी बसले. चहा घेतला. त्या पूर्ण वेळ आईंनी मान इकडे वळवली नाही.